राणीच्या मढ्यासमोरचं स्वगत

"आज अख्खं नाटकघर रडवतो की नाही, बघाच!"

अँब्रोज टकवेलनं थेम्सकाठच्या गुत्त्यात भर सकाळी छाती ठोकून सांगितलं. वीस वर्षं बिचाऱ्यानं नाटकात नुसता भाला धरला होता. प्लेगनं आमचा राजाचं काम करणारा नट नेला, आणि नाटकघर पुन्हा उघडल्यावर मुकुट अँब्रोजच्या टकलावर आला. त्याच प्लेगनं त्याची बायको थॉमसिनही नेली होती. तेव्हा हा मंडळीबरोबर दौऱ्यावर. परतला तर दारावर प्लेगच्या घराला मारतात ती लाल फुली आणि थॉमसिन सामाईक खड्ड्यात! तिच्याशी एक शब्द बोलता आला नाही. तेव्हापासून डोळ्यांतून टिपूस नाही. राणीच्या मढ्यापाशी राजा लांबलचक बोलतो, ते वाचलं आणि त्याला वाटलं, हे आपल्याला बोलायलाच हवं.

पण आमच्याकडे नटाला अख्खं नाटक देतंय कोण! आपली वाक्यं आणि त्याआधीचे समोरच्याचे दोन-तीन शब्द, एवढीच कागदाची गुंडाळी. ते शब्द कानावर पडले की तोंड उघडायचं. म्हणून तो पडद्यामागून खेळ चालवणाऱ्या हॅचकडे गेला. सबंध नाटकाची वही एकट्या हॅचच्या हातात.

"हॅच, त्या वेळी मी एकटाच ना?"

"एकटाच. राणी आहे फक्त."

"मग एकटा कसा?"

"अरे, मेलीये ती!"

"पण मी बोलतो कुणाशी? एकटा असेन तर ते स्वगत, पुढे जाऊन लोकांकडे बघून म्हणतो. ती ऐकत असेल तर तिच्याशी बोलणं झालं, जवळ बसून म्हणतो."

"मेलेली बाई ऐकते का रे कधी?" हॅच खेकसला. "स्वगत! जा, डोकं खाऊ नकोस!"

अँब्रोजचं तोंड एवढंसं झालं. घरी तो रोज थॉमसिनच्या रिकाम्या स्टुलाशी बोलायचा. ते काय होतं मग?

दुपारी खेळ रंगला. राणी मेली. अँब्रोज थेट पुढे आला, हात पसरले.

"हाय! माझं ऐकणारं आता कुणी उरलं नाही!"

"आम्ही आहोत ना, बाबा!" खाली प्रेक्षकांत उभा असलेला एक कसाई शेंगा फोडाव्यात तसे हेझलनट फोडत ओरडला. "बोल बिनधास्त!"

हशा! अँब्रोज गडबडला. धावत मागे जाऊन राणीपाशी बसला. पण पाठ केलेलं सगळं डोक्यातून पार उडालेलं! तोंडातून आलं ते त्याचं स्वतःचं.

"बोल ना गं... एकदाच बोल!"

आता राणी म्हणजे आमचा हंफ्री. मिसरूड भादरून झगा चढवलेला, दुपारीच बिअर ढोसलेला आणि मढं होऊन पडल्या पडल्या चक्क घोरायला लागलेला. शेवटच्या अंकात त्याला भूत होऊन उठायचं होतं, आणि त्याच्या गुंडाळीवर खुणेचे शब्द होते, 'एकदाच बोल'. ते कानावर पडले मात्र, हंफ्री ताडकन उठून बसला आणि भुताच्या आवाजात गरजला,

"फार उशीर केलास!"

नाटकघर कोसळायचंच बाकी राहिलं! "झोपव तिला! पाड खाली!" पडद्यामागे हॅच केस उपटत होता. पण अँब्रोजनं हंफ्रीचा पावडर फासलेला हात घट्ट धरला आणि तो हमसून हमसून रडायला लागला.

"हो गं. उशीरच केला."

तो जेवढा रडे, तेवढे लोक जास्त हसत. कसाई तर पोट धरून खाली बसला.

"गाढवा!" खेळ संपल्यावर मालक फेनर कडाडले. "स्वगतात समोरून उत्तर येतं का?"

"मला काय माहीत, मालक? माझ्या कागदावर नुसतं माझंच बोलणं असतं."

दुसऱ्या दिवशी मुकुट दुसऱ्याच्या डोक्यावर. मढं परत उठू नये म्हणून मालकांनी राणीच्या उशाशी पहारेकरी उभा केला, भाला घेतलेला अँब्रोज. हॅच म्हणाला, भालेवाल्याला माणसात धरत नाहीत, तेव्हा स्वगत ते स्वगतच! नव्या राजानं पुढे येऊन ते झकास म्हटलं. कसाईसुद्धा रडला. हंफ्री अगदी नीट मेलेला राहिला.

अँब्रोज मात्र शेवटपर्यंत तिच्याकडेच बघत होता. न जाणो, उठलीच तर!