खड्डा गिळणारी गाडी

नरेश तांडेलला कुठेही उभी गाडी दिसली की तो तिच्या बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे टेकवतो, अंगाचा सगळा भार टाकून ती खाली दाबतो आणि चटकन हात उचलून, मान तिरपी करून बघत राहतो. गाडी एकदा वर येऊन गप्प बसली, तर ती चांगल्या घरची. पुन्हा खालीवर हलली, तर नरेश तोंड वाकडं करून म्हणतो, "ढेकर देते." आमच्या सोसायटीतल्या एका लग्नात त्यानं फुलांनी सजवलेली गाडी अशीच दाबली. आत नवरदेव बसला होता. मुंडावळ्यांसकट त्याचं डोकं छताकडे जाऊन आलं. नरेशनं खिडकीतून डोकावून त्याला धीर दिला, "घाबरू नको, तुला काय झालं नाय. डावा शॉकअप गेलाय."

खड्डा गिळायचा, पण ढेकर नाय द्यायचा. हे त्याचं एकूण शास्त्र. स्प्रिंग गिळते, शॉकअप ढेकर दाबून धरतो. यापलीकडे जगात शिकण्यासारखं काही आहे, असं त्याला वाटत नाही.

मी त्याच्या वरच्या मजल्यावर राहतो. साताऱ्याकडून नोकरीसाठी बोईसरला आलो आणि इथलाच झालो. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तयार माल तपासायचं माझं काम. म्हणून नरेश मला 'इन्स्पेक्टर' म्हणतो, आणि त्यामुळे आमचा दूधवाला मला पोलीस समजतो. दिवसभर मी लोकांनी बनवलेले जॉब, म्हणजे सुटे भाग, नापास करतो. कारखान्याबाहेर मात्र माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. बायको म्हणते, "तुमची जीभ तुम्ही गेटवर जमा करून येता." खोटं नाही ते. आणि पुढं जे झालं त्याची टोचणी मला आहे ती यामुळेच.

नरेश मूळचा नवापूरचा, समुद्रावरचा. बापाच्या होडीचं इंजिन सांभाळता सांभाळता फिटर झाला आणि बोईसरच्या कारखान्यात लागला. लग्न केलं नाही. आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि ऑपरेशन झालं, तेव्हा गावच्या घरात, धाकट्या भावाकडे, कमोड नव्हता म्हणून त्यानं तिला इथं आपल्या तळमजल्यावर आणलं. म्हातारी आयुष्यभर मासळी बाजारात बसलेली. तिला इथं बघायला समोरच्या विंगची भिंत. थोडं बरं वाटल्यावर ती घरी सोड म्हणून मागं लागली, म्हणून नरेशनं रिक्षा आणली. पहिल्याच गतिरोधकावर ती अशी किंचाळली, की रिक्षावाल्यानं घाबरून इंजिन बंद केलं. तिथूनच परत आले दोघं. "आता मला बाहेर काढू नको," ती म्हणाली. "काढशील तर एकदाच काढ, चौघांच्या खांद्यावर. ते तरी हळू चालतील."

त्याच आठवड्यात नरेशनं बेटेगावच्या एका भंगारवाल्याकडून लाल, दोन सीटांची, जमिनीला पोट लावून चालणारी स्पोर्ट्स कार आणली.

सगळी सोसायटी हसली. मी हसलो नाही, पण विचारलं, "अरे, आईसाठी एखादी उंच जीप घ्यायची की."

"तुला काय कळतंय! जीपमदी ती चढंल कशी? आणि जीपची सीट काटकोनात. ही सीट बघ. मागं रेलायचं, पाय लांब सोडायचे. खुब्याला वाक नाय."

"पण ही एवढी खाली..."

"म्हणून तर हिचे गुडघे नवीन करायचे."

गुडघे म्हणजे सस्पेन्शन. प्रत्येक चाकाला आटे पाडलेली एक नळी, तिच्यावर एक जाड रिंग, रिंगेवर स्प्रिंग. पान्यानं रिंग वर फिरवली की गाडी वर, खाली फिरवली की गाडी खाली. आई बसताना उंच, एमआयडीसीच्या रस्त्यावर बुटकी, गावच्या रस्त्याला लागली की परत उंच. खेरीज प्रत्येक शॉकअपला एक बटण, ढेकर कमीजास्त करायला. हे सगळं त्यानं स्वतः कागदावर काढलं, आणि नळ्या आणि रिंगा आमच्या कारखान्याच्या लेथवर करून द्यायची परवानगी मी साहेबांकडून मिळवली.

आता मुद्द्याचं. नरेशचा लोखंडावर विश्वास नाही. खाऱ्या वाऱ्यात वाढलेल्या माणसाचा नसतोच. "लोखंड म्हणजे बिस्कुट," तो म्हणतो. त्याच्या घरात टॉवेलची खुंटीसुद्धा स्टेनलेसची. तेव्हा नळीही स्टेनलेस आणि रिंगही स्टेनलेस. वर ग्रीस लावायचं नाही, कारण ग्रीस रेती धरतं आणि होडीवर रेतीनं किती पंप खाल्ले, ते त्यानं मला मोजून सांगितलं होतं.

स्टेनलेसवर स्टेनलेस, कोरडं, आणि वर स्प्रिंगचा भार. हे आटे एकमेकांना चावतात. चावले की वर जात नाहीत आणि खाली येत नाहीत. हे मला माहीत होतं. कारखान्यात असा जॉब मी हातात न घेता परत पाठवला असता. पण नरेश त्या रिंगा धोतराच्या सोग्यासारख्या मऊ फडक्यानं पुसत होता, आईला दाखवत होता आणि आई म्हणत होती, "पाटल्या करून घाल मला." मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "फिनिशिंग छान आलंय."

त्यानंतर दर रविवारी मी त्या गाडीत वजन म्हणून बसायचो. आईच्या जागी. आई माझ्या निम्मी. नरेश म्हणायचा, "इन्स्पेक्टर, श्वास आत घेऊन बस, हलका होशील." नवापूरच्या रस्त्यावर टँकरच्या चाकांमधून आम्ही जायचो आणि प्रत्येक खड्ड्यानंतर तो रस्ता सोडून माझ्याकडे बघायचा. "गिळला?" मी म्हणायचो, "गिळला." "ढेकर?" "नाही." मग उतरून तो बटण आणखी एक टिचकी फिरवायचा. मी बघायचो ते रिंगांकडे. रिकाम्या गाडीखाली त्या फिरत होत्या, पण दर खेपेला किंचित जास्त कुरकुरत होत्या. घरी येऊन मला जेवण जायचं नाही. बायकोला वाटलं, मला गाडी लागते.

आणि तो दिवस आला. नरेशनं प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय करवतीनं कापून ठेवले होते. गाडी पुरी उंच केली की कापलेली खुर्ची आणि गाडीची सीट एका रेषेत यायची. म्हातारीला वाकायचं काम नाही, फक्त सरकायचं. शेजाऱ्यांनी तिला खुर्चीसकट बाहेर आणून ठेवली. तिनं लाल गाडी वरपासून खालपर्यंत न्याहाळली. "नरेश, ही गाडी हाय का पाट? जेवायला वाढतोस का काय?"

"थांब गो आये, उठवतो तिला."

पुढच्या दोन रिंगा कुरकुरत वर गेल्या. मागची उजवी किंचाळली, पण गेली. मागची डावी, म्हणजे आईच्या बाजूची, अर्ध्यात थांबली. नरेश पान्याला लोंबकळला. हलली नाही. मी जॅक धरून बसलो होतो. गाडी एका कोपऱ्यात लुळी, आणि म्हातारी उन्हात बसून आमच्याकडे बघत होती.

"राहू दे रे," ती म्हणाली. "मला आत न्या. उगा माणसांचा खोळंबा."

नरेशनं पाना खाली ठेवला. त्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मी उठलो, घरून देवासमोरच्या समईतलं तेल वाटीत घेऊन आलो आणि बोटानं आट्यात सोडलं. मग आम्ही दोघं त्या पान्यावर पडलो. रिंग असा आवाज करत फिरली, की समोरच्या विंगमधली सगळी माणसं खिडकीत आली. पण वर गेली. जागेवर बसली.

म्हातारी सरकून आत बसली, रेलली, पाय लांब केले. "बरी हाय," म्हणाली.

मी स्कूटरवर मागे. एवढा हळू मी आयुष्यात कधी गेलो नसेन. टँकर हॉर्न देत होते. पहिला गतिरोधक आला आणि मी स्कूटरवरच डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी पलीकडे होती आणि डाव्या खिडकीतून एक सुकलेला हात बाहेर येऊन मागच्या टँकरवाल्याला थांबायची खूण करत होता. त्या हातावरून मला कळलं, की गिळला.

नवापूरला बायका गोळा झाल्या. काठ्यांवर सुकलेले बोंबील उतरवून ठेवले होते, त्यांच्यासमोर म्हातारीला बसवली. तिनं एक बोंबील हातात घेऊन वाकवून बघितला आणि धाकट्या सुनेला म्हणाली, "ओला हाय अजून. कुणी उतरवायला सांगितला?" संध्याकाळी नरेश निघायचं म्हणाला, तर ती जागची हलेना. धाकट्या मुलानं आता घरात कमोड बसवून घेतला होता. "मी हितंच बरी हाय. तू ये मदीमदी."

परत येताना मी मागून बघत होतो. डावीकडे वजन नसल्यामुळे गाडी तिकडून किंचित उचललेली दिसत होती.

आठवड्यानं नरेशनं गाडी खाली करायचा प्रयत्न केला. चारही रिंगा चावल्या होत्या. तेव्हा मी गनमेटलच्या, म्हणजे स्टेनलेसला न चावणाऱ्या काशासारख्या धातूच्या, चार नव्या रिंगा करून घेतल्या, त्याच्या दारात गेलो आणि सांगून टाकलं, की हे असं होणार, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"गनमेटल!" त्यानं कपाळावर हात मारला. "होडीच्या पंख्याच्या बुशाला आमी हेच घालतो. मला सुचलं कसं नाय?" मग एकदम माझ्याकडे बघून म्हणाला, "मग तू बोलला का नाय?"

"तू रुसला असतास."

"रुसलो असतो," तो म्हणाला. "दोन दिस." आत आईची खाट तशीच अंथरलेली होती. उशीजवळ तिचा तंबाखूचा डबा.

"जुन्या कापू या," मी म्हणालो. "मी ग्राइंडर आणतो. तासाभरात खाली येईल गाडी."

त्यानं नव्या रिंगा एकेक करून हातात तोलल्या आणि कपाटावर ठेवून दिल्या.

"नको रे," तो म्हणाला. "उद्या आये कंटाळली, म्हणाली ने मला बोईसरला, तर?"

रोज संध्याकाळी तो भावाला फोन करतो आणि भरतीओहोटीच्या गप्पा मारून झाल्यावर विचारतो, आई काय म्हणते. सोसायटीतली पोरं त्या गाडीला उंट म्हणतात. ती अजून तेवढीच उंच आहे.