दोऱ्याला लागलेल्या तुती

रस्त्याकडेला कोणती झाडं लावायची, हे ठरवण्याची उद्यान खात्याच्या साहेबांची एक सोपी युक्ती होती. ज्या झाडाची तक्रार येईल, ते पुन्हा लावायचं नाही. एकाची पानं गटारात तुंबायची, ते बाद. दुसऱ्याच्या फुलांनी शिंका यायच्या, तेही बाद. तिसऱ्यावर कावळे बसत, आणि कावळ्यांची तक्रार कावळ्यांकडे करता येत नाही, म्हणून झाडच बाद. गाळता गाळता एकच झाड उरलं. त्याला फूल नाही, फळ नाही, वास नाही. पान गाळायचं तर जिवावरच यायचं त्याच्या. साहेबांनी शहरभर तेच लावलं. खात्यातले लोक त्यांना पाठीमागे 'स्वच्छसाहेब' म्हणत. ते कानावर आल्यावर साहेबांना रागही आला नाही.

घरी मात्र त्यांचं काही चालत नसे. बायको लोकांचे कपडे शिवून द्यायची आणि तिच्या शिलाई मशीनजवळच्या खिडकीसमोर तिनेच वाढवलेली तुती होती. हंगामात साळुंक्या-बुलबुल तिथे नुसता धुडगूस घालत आणि साहेबांच्या पांढऱ्या गाडीवर जांभळी नक्षी काढत. म्हणून साहेब गाडी हमरस्त्यावर आपल्या लाडक्या झाडांखाली लावत आणि घरापर्यंत पायी येत.

"एक डाग नाही गाडीवर," ते अभिमानाने सांगत.

"असणार कसा?" बायको सुईत दोरा ओवत म्हणे. "तुमच्या झाडाकडे मुंगीसुद्धा वाट चुकूनच जाते."

मुंगी नाही, पण एके वर्षी अळी वाट चुकली. तिला ते झाड भलतंच मानवलं. शहरभर एकच झाड, म्हणजे तिला दारोदार हिंडायची गरज नाही, आणि खाणारं पाखरू तर औषधालाही नाही. बघता बघता पोरंबाळं, नातवंडं, पतवंडं झाली आणि आपापल्या तंतूंवरून खाली लोंबू लागली. लोक ऐन उन्हात छत्र्या घेऊन फिरू लागले. न्हाव्याच्या बाहेरच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी पळालं. आणि हे सगळं नेमकं त्या हमरस्त्यावर, जिथे येत्या आठवड्यात नगराध्यक्षा पाहणीला यायच्या होत्या. साहेबांची कित्येक वर्षं रखडलेली बढती त्या पाहणीवर अवलंबून होती.

साहेबांनी फवारणी केली. अळ्या जराशा झिंगल्या, पण बेकरीतल्या पावाला औषधाचा वास लागला. बेकरीवाला पावांची टोपली घेऊन थेट नगराध्यक्षांच्या कचेरीत जाऊन बसला आणि फवारणीवर बंदी आली. साहेबांचं जेवण सुटलं.

त्या संध्याकाळी ते दारात बसले असताना तुतीवर नेहमीचा कल्ला चालू होता. एक साळुंकी चोचीत अळी धरून पिल्लांकडे निघाली. साहेब ताडकन उठले. जन्मात पहिल्यांदाच त्यांना त्या पाखरांचा राग आला नाही, उलट ती हवीहवीशी वाटली.

बायकोने पाहिलं तर नवरा शिडीवर चढून तुती तोडत होता. वर तिच्याकडेच लाल दोऱ्याचं रीळ मागत होता. आधी त्याने थापा मारल्या, मग खरं सांगितलं: तुतीची लालूच दाखवून पाखरं हमरस्त्यावरच्या अळ्यांकडे न्यायची होती.

"पाहुणे म्हणून येतील ती," रीळ देत ती म्हणाली. "राहायला बोलवायचं तर घर द्यावं लागतं."

साहेबांना त्या क्षणी पाहुणे पुरेसे होते. रोज पहाटे ते आणि खात्यातला मुकादम हमरस्त्यावर शिड्या लावून फांद्यांना तुतीचे घोस बांधू लागले. पाखरं आली. आधी तुती संपवल्या, मग खरं जेवण कुठे आहे ते त्यांना दिसलं. पाहणीच्या दिवसापर्यंत अळ्या जवळजवळ साफ झाल्या. साहेबांनी खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस. त्यांनी त्या सकाळीही खबरदारी म्हणून घोस बांधलेच.

नगराध्यक्षा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आल्या. चार पावलं चालतात तोच त्यांच्या खांद्यावर टपकन जांभळा ठिपका पडला. साहेबांच्या डोळ्यांसमोरून बढती भुर्रकन उडून गेली.

बाईंनी मान वर केली. "या रस्त्यावर पाखरू मी पहिल्यांदाच बघतेय," त्या म्हणाल्या. "पण या झाडाला तुती लागतात?"

"नवीन जात आहे, मॅडम," साहेबांच्या तोंडून निघून गेलं.

मुकादम घाईघाईने बुटाची नाडी बांधायला वाकला. त्याच्या पायात चप्पल होती.

बाईंनी खालच्या फांदीवरचा घोस ओढला. त्याच्याबरोबर हातभर लाल दोरा आला. बाईंनी एक तुती तोंडात टाकली आणि दोरा नीट गुंडाळून साहेबांच्या हातात दिला.

"आधी हे दोरे काढा. पाखरांच्या पायात अडकतील. यंदा दोऱ्याने लावल्यात, पुढच्या वर्षी मुळांनी लावा. आणि नुसती तुतीच नको, तुम्ही बाद केलेली सगळी झाडं लावा."

साहेबांनी मान डोलावली. मग धीर करून विचारलं, "मॅडम, आणि ते बढतीचं?"

"ती मी सध्या दोऱ्यानेच बांधून ठेवते," बाई म्हणाल्या आणि पुढची तुती शोधू लागल्या.

संध्याकाळी साहेबांनी बायकोकडे लावायला तुतीच्या फांद्या मागितल्या. तिने हव्या तितक्या न्या म्हणून सांगितलं. अट एकच घातली, गाडी आजपासून दारात लावायची. साहेब मुकाट्याने हमरस्त्यावर गेले, गाडी आणून तुतीखाली उभी केली आणि सवयीने वर पाहिलं. मग काच तेवढी चढवून घेतली.