बिनदाराचा महाल

आमच्या उरगुत गावात कुठल्याही बाईला विचारा, रंगाला रंग लावावा तर मुकद्दसनेच! मुकद्दस म्हणजे मी. नवरीच्या सुझानीवर, म्हणजे सासरच्या भिंतीवर टांगायच्या त्या भल्यामोठ्या पडद्यावर, नक्षी आखायची मी, रेशमाच्या लड्या निवडायच्या मी आणि कुठे साखळी टाका, कुठे भरीव, कुठे गाठीचा हे ठरवायचं तेही मीच. डाळिंबाच्या सालीचा पिवळा कुठला आणि कांद्याच्या सालीचा कुठला, हे मी डोळे मिटून नुसत्या वासावर सांगते! आता आमच्या न्हाणीघराला दाराऐवजी गोणपाट लटकतंय, ही गोष्ट वेगळी. माझा नवरा तोलिब 'या रविवारी' दार बसवणार आहे. कुठल्या रविवारी, हे विचारायचं मी सोडून दिलंय.

तर माझ्या थोरल्या बहिणीची, मस्तुराओपाची मुलगी चारोस हिचं लग्न ठरलं. पोरगी माझ्याकडे आली ती फोन नाचवतच.

"खोला, माझ्या सुझानीवर डाळिंबं नकोत, वेली नकोत. मला हा महाल हवा!"

खोला म्हणजे मावशी, मीच; जशी ओपा म्हणजे ताई. पाहिलं तर परीकथेतला महाल. गुलाबी भिंती, निळे निमुळते मनोरे, टोकाला झेंडे. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही फुलं भरत आलो, महाल कुणाच्या बापजन्मी भरला नव्हता. मी म्हटलं, "एवढंच ना? असा भरते की परी राहायला येईल!"

मग पडला खरा प्रश्न. कुठल्या भागाला कुठला दोरा? शेजारच्या खोसियात आजी लगेच काठी टेकत आल्या. वय ऐंशीच्या घरात, नजर घारीची!

"गुलाबी भिंती? अगं, हा महाल आहे की लाल मुळ्यांची जुडी?"

"आजी, परीचा महाल गुलाबीच असतो."

"असेल बाई. आणि यात तंदूर कुठंय?"

"परीकथेत तंदूर नसतो."

"मग पऱ्या नान कुठे भाजतात? का बाजारातनं विकत आणतात? एवढा महाल बांधला आणि नान विकतचं?"

आता मलाच नवे प्रश्न पडू लागले. एवढ्या उंच मनोऱ्यात पाणी कोण चढवतं? धुणं कुठे वाळत घालतात? चित्र उलटंसुलटं करून पाहिलं, पण महालाची मागची बाजू काही दिसेना.

शेवटी ठरलं. भिंती गुलाबी, लांब दोरा टाकून वर आडवे टाके देत दाबलेल्या. छपरं निळीची, साखळी टाक्यात. पायऱ्या अक्रोडी, आणि मधोमध दार, चेरीसारखं लालभडक!

आमच्याकडे सुझानी एका अखंड कापडावर होत नाही. पट्टे कच्च्या धाग्याने जोडायचे, त्यावर नक्षी आखायची, मग पट्टे उसवून बायकांत वाटायचे आणि भरून झाले की पुन्हा जोडायचे. डावीकडचा मनोरा आजींकडे गेला, उजवीकडच्या पायऱ्या मस्तुराओपाकडे आणि मधला पट्टा माझ्याकडे. इथे मला अवदसा आठवली. मी फर्मान काढलं, "जोडायच्या दिवसापर्यंत कुणी कुणाचा पट्टा बघायचा नाही!" कारण गेल्या साली एका हिरव्या पानावरून आमच्या गल्लीतल्या दोन जावा बोलायच्या बंद झाल्या होत्या.

झालं! सगळ्यांची उत्सुकता उतू जायला लागली. आजी मीठ मागायला आल्या, आणि हातात मिठानेच भरलेली बरणी! ओपा 'डोकं दुखतंय' म्हणून माझ्याकडे आडवी झाली ती नेमकी ज्या गाद्यांत मी पट्टा लपवला होता त्याच गाद्यांवर. मी तरी काय कमी? आजींच्या खिडकीखाली कोंबडी शोधत दोनदा फिरून आले. आमच्याकडे कोंबडी नाही.

त्याहून मोठं कुतूहल होतं चारोसच्या सासरचं. साखरपुड्यात तिच्या होणाऱ्या सासूबाईंनी, सालोमतनी, शब्द दिला होता, "वरच्या मजल्यावर पोरांसाठी स्वतंत्र खोली बांधतेय!" पण खोली बघायला येतो म्हटलं की कधी चुन्याचा वास असे, कधी रंग ओला असे. तो रंग काही केल्या वाळेना! ओपाच्या जिवाला घोर लागला. खोली नसेल तर पोरीला दोन नणंदांच्या खोलीत पडदा लावून संसार करावा लागणार. आणि विचारायची सोय नाही. मुलीकडच्यांनी तोंड उघडलं की तोंडाळ ठरतात.

सालोमत आणि त्यांच्याकडच्या बायका रुखवत बघायला यायच्या होत्या, त्या दिवशी सकाळी आम्ही पट्टे जोडले. शेवटचा टाका घातला, सुझानी भिंतीवर धरली आणि पाहिलं तर काय!

आजींच्या मनोऱ्याला छप्पर नव्हतं. ओपाच्या भागात पायऱ्या नव्हत्या. आणि माझ्या भागात दार नव्हतं!

"आजी, छप्पर कुठंय?"

"मुद्दाम कोरं ठेवलं! सुझानी पुरी भरायची नसते, नाहीतर नवरीचं सुख तिथंच संपतं. कोरी जागा वडीलधाऱ्यांनी ठेवायची असते."

"वडीलधाऱ्यांनी? नवरीच्या आईनं!" ओपा म्हणाली. "म्हणून मी पायऱ्या ठेवल्या."

"आणि जी आखते तिनं!" मी ओरडले. "म्हणून मी दार ठेवलं!"

फुलांच्या सुझानीत एक पान कोरं राहिलं तर कुणाच्या बापाला कळत नाही. पण महालाला छप्पर नाही, जिना नाही, दार नाही! त्यात आजींनी माझा गुलाबी दोरा परस्पर बाजूला ठेवून घरचा पिवळट दोरा वापरला होता, तोही गाठीच्या टाक्यात. डावी भिंत अगदी कच्च्या विटांची वाटत होती.

"आजी, तुम्ही भरा, तुमचं छप्पर सोपं आहे."

"मी? अपशकुन करू? तू भर तुझं दार!"

"ओपा, तू तरी..."

"मी आई आहे तिची!"

आम्ही हमरीतुमरीवर आलो आणि तेवढ्यात फाटक वाजलं. विहीणबाई आल्या होत्या!

सालोमतनी रजया पाहिल्या, भांडी पाहिली, हसल्या. मग सुझानीसमोर उभ्या राहिल्या, आणि हसू मावळलं. छपराच्या जागी पाहिलं, जिन्याच्या जागी पाहिलं, दाराच्या जागी पाहिलं. चेहरा मैद्यासारखा पांढरा!

"आमच्या घरी कोण आलं होतं?"

"कुणीच नाही, विहीणबाई," ओपा म्हणाली.

"खोटं! विटासुद्धा मोजून भरल्यात!"

आणि त्या ताड्‌ताड् निघून गेल्या. पिलाव तसाच वाफाळत राहिला. आम्ही तिघी एकमेकींकडे बघतोय, कुणाला काही उमजेना. चारोस मात्र हमसून हमसून रडायला लागली. "खोला, एका दारापायी माझं लग्न मोडलंत!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो चेरीचा लाल दोरा डब्यात समोरच पडलेला होता, त्याच्याकडे बघवेना.

आठवडाभर तिकडून चकार शब्द नाही. मग निरोप आला, 'सुझानी घेऊन या. भिंत तयार आहे.'

चारोसला घेऊन आम्ही तिघी गेलो. वर जायला नवाकोरा सिमेंटचा जिना. वर चकचकीत पत्र्याचं छप्पर. आणि खोलीला दार, चेरीसारखं लालभडक! नवऱ्यामुलाचे वडील भुवयांना लाल रंग लागलेल्या अवस्थेत कोपऱ्यात बसले होते. माझ्या कानाशी लागून म्हणाले, "वसंतापासून नुसत्या विटांच्या भिंती उभ्या होत्या हो, ना छप्पर, ना जिना, ना दार. हिनं आठवडाभर मला पाठ टेकू दिली नाही. पण खरं सांगा, तुम्हाला बातमी दिली कुणी?"

मग कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खाई त्याला खवखवे! मी 'कुणीच नाही' म्हणायला तोंड उघडलं, तर ओपाने असा चिमटा काढला की तोंडून बाहेर पडलं, "आम्हाला सगळं कळतं!"

सालोमत सुझानीकडे बघत म्हणाल्या, "आता तुमचंही दार भरून टाका की."

"नको," चारोस खोलीच्या लाल दारावरून हात फिरवत म्हणाली. "असू दे तसंच. छान आहे." तिच्या चेहऱ्यावरचं हसू पाहून माझे डोळे भरून आले. अशी सुझानी मी जन्मात भरली नव्हती!

मग काय विचारता! उरगुतभर बोभाटा झाला. बायका माझ्याकडे रांग लावायला लागल्या. कुणाला सासऱ्यांसाठी बिनचुलीचं स्वयंपाकघर भरून हवं, कुणाला दिरासाठी बिनकुंपणाची बाग! मी म्हटलं, मुकद्दस, लोकांची घरं बांधतेस, आता स्वतःचंही बघ. बसले. आमचं न्हाणीघर हुबेहूब भरलं. भिंत राखाडी, कौलं विटकरी, शेजारी जर्दाळूचं झाड, आणि दाराची जागा कोरी! नेमकं तोलिबच्या जेवायच्या जागेसमोर टांगलं.

तोलिब आला. बघत राहिला. जवळ गेला. पुन्हा बघत राहिला.

"मुकद्दस," तो हळूच म्हणाला, "हे आपलं न्हाणीघर ना?"

"हो!"

"सुरेख जमलंय. फक्त दार राहिलंय बघ."

"हो ना! राहिलंय खरं!"

"मग आधी नाही का सांगायचं?" तो टोपी घालून उठलाच. म्हटलं, निघाला सुताराकडे! आनंदाने मी चहा ठेवला.

तासाभरात परत आला. बाजार पालथा घालून रेशमाची लडी आणली होती. तपकिरी. अगदी दाराच्या रंगाची!