भोयरजींचे दोन कॅमेरे

भोयरजी एकच वस्तू कधी बघत नाहीत. भेंडीवाल्यापुढे उभे राहिले की एका हातात एक भेंडी, दुसऱ्या हातात दुसरी. मागे बाया खोळंबलेल्या. भेंडीवाला म्हणतो, "दोन्ही एकाच वावरातल्या हायेत जी." हे म्हणतात, "ते ठीक हाय. दुसरी दाखव." भेंडी घरी पोचते तोवर त्यांच्या घरात लोणच्यासोबत जेवणं उरकलेली असतात.

प्रताप नगरात आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे. मला सगळं ऐकू येतं. मी चौथी शिकलेली बाई, गोडगोड बोलता येत नाही. हा माणूस म्हणजे डोक्याला ताप आहे.

शकू त्यांची बायको. डॉक्टरांनी तिला घरी पाठवून दिलं. आता औषध फक्त दुखू नये म्हणून. हे गल्लीला माहीत आहे आणि शकूलाही. रडत बसणारी ती नाही. एकदा माझ्यासमोरच नवऱ्याला म्हणाली, "मी गेल्यावर भिंतीवर लावाले माहा एक फोटो काढून ठेवा. डोळे उघडे पाह्यजेत."

कारण उघड्या डोळ्यांची शकू एकाही फोटोत नाही. स्वतःच्या लग्नात मिटलेले, मुलीच्या लग्नात मिटलेले. जावयाच्या मोबाईलमध्येही तेच. खटका वाजला की हिच्या पापण्या खाली.

मग भोयरजींनी ठरवलं, चांगला कॅमेराच घ्यायचा. सीताबर्डीच्या एका दुकानात दोन पसंत पडले. काळा कॅमेरा समोरच्याचे डोळे मिटले की पडद्यावर तसं लिहून दाखवायचा. चंदेरी एका दमात भराभर फोटो काढायचा, त्यातला एखादा तरी बरा निघणार. एवढ्यावर दिवाळी गेली, संक्रांत गेली. भोयरजी दिसले की दुकानदार चहाला निघून जायचा.

एकदा मलाही नेलं. स्टुलावर बसवलं.

"वैनी, शकूवानी डोळे मिटा."

"काहून? मी मेली काय?"

"मिटा ना जी. कोन्ता पकडते ते पाहू."

या वयात मी भर दुकानात डोळे मिचकावले. काळ्याने बरोबर पकडलं. चंदेरीत माझे डोळे असे वटारलेले आले की दुकानदार मागे सरकला.

"झालं? घ्या आता कोन्ताबी एक," मी म्हटलं.

"घाई काय हाय, वैनी?"

इकडे शकू रोज थोडी थोडी कमी होत होती. बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. भाकर सुटली, पेजेवर आली. मी पेज घेऊन गेले की विचारायची, "आला काय वं कॅमेरा?"

"तुया नवऱ्याले इचार."

"मले तं एका नजरेत पसंत केलं होतं यायनं."

"तवा दुसरी दाखोलीच नाई कोनी," भोयरजी खाली मान घालून म्हणायचे.

शेवटी एका सकाळी मी त्यांना फाटकापाशी गाठलं. "भोयरजी, नुसते हाडं राह्यले तिचे. अजून थांबान तं फोटो काढाले मानूस नाई राहनार. जरा लाज वाटू द्या."

त्यांनी चप्पल घातली आणि गेले. दुपारी काळा कॅमेरा घेऊन आले.

मी शकूचे केस विंचरले, हिरवं पातळ नेसवलं, उशांना टेकवून बसवली. भोयरजींनी कॅमेरा समोर धरला. खटका वाजला. ते पडद्याकडे बघतच राहिले.

"मिटले," म्हणाले.

पुन्हा खटका. पुन्हा, "मिटले."

"याच्यात दम नाई. उद्या वापस नेतो. दुसरा पाहू."

शकू दमून आडवी झाली. मी त्यांच्या हातातून कॅमेरा ओढून घेतला आणि माझा चष्मा पुसला.

फोटोत शकूचे डोळे टक्क उघडे होते. सरळ भोयरजींकडे बघत होती. पडद्यावर काही लिहून आलेलं नव्हतं.

मी वर पाहिलं. भोयरजी माझ्याकडेच बघत होते. मान हळूच हलवली, नको म्हणून.

"खरंच मिटले काय वं?" शकूने पडल्या पडल्या विचारलं.

मी कॅमेरा बंद केला.

"मिटले," मी म्हटलं. "तुले कधी जमलं हाय?"