बिनवायरीचा कॅमेरा आणि रसूलचाचांची सतार

वायर ही भित्र्या फोटोग्राफरची गोष्ट आहे. मी साताऱ्याचा गंगाधर, कुठल्याही कॉलेजात न जाता कॅमेरा शिकलेला माणूस. मिरजेला निघताना केबल मुद्दाम घरी ठेवली. मी वर माडीवर बटण दाबणार, खाली कारखान्यात लॅपटॉपवर फोटो हजर. मध्ये नुसती हवा! पुण्याचे फोटोग्राफर बघत राहतील, असं बायकोला सांगून एसटीत बसलो.

काम रसूलचाचांचं होतं. चाचा चाळीस वर्षं सतारी बनवतात आणि चाळीस वर्षं दुकानदार त्या सतारींवर स्वतःच्या नावाची पट्टी ठोकून विकतात. ज्याला खुंटी पिळता येत नाही त्याचं नाव सतारीवर, आणि भोपळा वाळवण्यापासून ज्यानं जीव ओतला तो नुसता ‘कारागीर’. मला याचा संताप येतो आणि मी तो लपवत नाही. यंदा दिल्लीच्या एका प्रदर्शनात सतार पहिल्यांदा चाचांच्या नावानं जाणार होती. त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन अर्ज भरायचा. चाचांची मुलगी तहरीम सगळं भरून बसली होती, फक्त फोटो बाकी होता.

पण मिरजेत पोचल्यावर लॅपटॉपला कॅमेरा सापडेना. दोन्ही बंद केले, चालू केले, पासवर्ड चार वेळा टाकला. कॅमेरा लग्नाच्या बोलणीतल्या मुलाच्या मामासारखा बसून राहिला. होकार नाही, नकार नाही.

“दादा,” तहरीम म्हणाली, “दोन्ही एकाच वायफायवर हायत न्हवं?”

कॅमेरा त्यांच्या घरच्या वायफायवर होता आणि लॅपटॉप माझ्या मोबाइलच्या.

“तेच तपासत होतो,” मी म्हणालो. कुणी विश्वास ठेवला नाही.

माडीवर पांढऱ्या पडद्यापुढं ठेवलेल्या सतारीचा पहिला फोटो दोन वाजता खाली पोचला. मी वरून ऐटीत ओरडलो, “चाचा, आला का?”

“आला की. लय झ्याक. ह्ये मोठं कसं करायचं?”

तहरीमनं दाखवलं. तिथंच घात झाला. वायर असती तर लॅपटॉप माझ्या पायाशी राहिला असता. आता तो अशा माणसासमोर होता, जो केसाची जाडी बोटानं ओळखतो, आणि त्याच्या हातात मी वीसपट मोठं करायचं यंत्र दिलं होतं.

जिन्यावर पावलं वाजली. चाचा आले, सतार उचलली.

“काय झालं?”

“सातवं पान वाकडं हाय.”

मी नक्षीला नाक लावून बघितलं. मला ती पानंच धड मोजता येईनात. चाचांनी पटाशी घेतली आणि अर्ध्या तासानं सतार परत आणून ठेवली. दुसरा फोटो गेला. पुन्हा पावलं. एक खुंटी “जरा हसतीय”, म्हणजे तिरकी बसलीय, म्हणाले. तिसऱ्या फोटोनंतर दांडीचा काठ घासायला सतार नेली. मी चिडून म्हणालो, “चाचा, ही सतार आहे, चंद्रयान नाही!”

“दुकानदाराच्या नावावर जायची तवा बी असंच करत हुतो,” चाचा म्हणाले. “आज तर माझंच नाव हाय.”

मी खाली मान घालून बटण दाबलं.

सव्वाचारला चौथा फोटो गेला. या वेळी पावलं हळू आली. फोटोत भोपळ्यावर एक काळा ठिपका होता, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. चाचांनी पॉलिश पेपर मारला, वर लाखेचा हात दिला. पाचवा फोटो. ठिपका तिथंच.

“तहरीम, अर्ज ऱ्हाऊ दे,” चाचा माडीवरून खाली ओरडले. “डागाची सतार माझ्या नावानं जायाची न्हाई.”

“चाचा, मी कॉम्प्युटरवर पुसतो की.”

“फोटोतला पुसशील. सतारीवरला कोण पुसंल?”

साडेचार वाजले होते. तेवढ्यात जन्नतबी चाची माडीवर आल्या. या घरातल्या प्रत्येक भोपळ्याचं पॉलिश त्यांच्या हातचं. त्यांनी भोपळ्यावरून तळवा फिरवला, मग माझ्याकडं बघितलं.

“आवं भाऊ, सतार बाजूला ठिवा. नुसत्या मागच्या पडद्याचा फोटो काढा.”

काढला. खालून तहरीमचं हसणं आलं. मोकळ्या पांढऱ्या पडद्यावर तोच ठिपका, त्याच जागी.

“म्या हात फिरवल्याव डाग ऱ्हात न्हाई,” चाची म्हणाल्या. “ह्यो तुमच्या डब्यातला हाय.”

धूळ माझ्या कॅमेऱ्याच्या पोटात होती. गेले दोन महिने मी तिचे फोटो काढत होतो आणि साताऱ्यात एकाही गिऱ्हाइकाला दिसलं नव्हतं. मलासुद्धा!

“मग आता पुसू का?” मी विचारलं.

“खुशाल पुसा,” चाचा म्हणाले. “आमचा असता तर पुसू दिला नसता.”

मी खाली येऊन ठिपका पुसला. पाचला सात मिनिटं असताना तहरीमनं ‘कारागीर’च्या रकान्यातलं वडिलांचं नाव मोठ्यानं वाचलं. चाचांनी तिला ते पुन्हा वाचायला लावलं. पुढचा रकाना फोटोग्राफरचा होता. म्हटलं, तो राहू दे.

“राहू दे कसं?” चाचा पहिल्यांदाच रागावले. “ज्याचं काम, त्याचं नाव. लिही गं.”

लिहिलं. अर्ज गेला.

हल्ली मी केबल वापरतो. लोक विचारतात, वायरलेस का नाही? मी सांगतो, बॅटरी लवकर उतरते. खरं म्हणजे केबल सहा फुटांची आहे आणि तेवढ्या अंतरात लॅपटॉपसमोर मी दुसऱ्या कुणाला बसू देत नाही.