भोंग्याची उलटतपासणी

भिंगकाकांच्या मते जगात अस्सल गुप्तहेर एकच उरला होता, आणि तो त्या क्षणी आरशासमोर दाढी करत होता. तीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितशोधकाचं काम केलं. निवृत्तीनंतर त्यातलं ‘मुद्रित’ गळून पडलं आणि नुसता ‘शोधक’ उरला.

प्रकरण घरचंच होतं. चोर पळवून लावण्यासाठी काकांच्या गाडीत बसवलेला सायरन चार दिवस भरदुपारी आपोआप केकाटत होता, आणि रात्रपाळी करून आलेली शेजारची नर्स त्याच वेळी झोपायची. म्हणजे, झोपायला बघायची. आज सकाळी ती तांबारलेल्या डोळ्यांनी म्हणाली, “काका, काल मी एकाचं औषध दुसऱ्याला देणार होते. थोडक्यात वाचलं.”

काकांचा चेहरा उतरला. “आज दुपारच्या आत गुन्हेगार हजर करतो!”

पहिला संशय पोस्टमनवर.

“रोज नेमका दुपारीच येतो!”

“पत्रं घेऊन येतो,” काकू म्हणाल्या.

“मग तुझा भाऊ. त्याचा या गाडीवर डोळा होता.”

“तो वर्षभर परदेशात आहे.”

“म्हणजे फरार!”

शेवटी काकांनी खुद्द सायरनलाच ताब्यात घ्यायचं ठरवलं. स्क्रू काढले, वायर उपटली, आणि सायरनने असा टाहो फोडला, की काका त्याला पोटाशी धरून घरात पळाले. टॉवेलात गुंडाळलं, व्यर्थ. वॉशिंग मशीनमध्ये कोंबलं, तर तो दुप्पट घुमायला लागला.

“वायर काढली तरी बोंबलतोय!” काका ओरडले. “यामागे परकी शक्ती आहे!”

“शक्ती आतच आहे,” दारातून आवाज आला. उशी काखोटीला मारून नर्स उभी होती. तिने सायरन बाहेर काढला, मागचं झाकण उघडलं आणि आतली एक तार सोडवली. एकदम शांतता.

“चोराने वायर कापली तरी वाजावा म्हणून याला स्वतःचे सेल असतात. हे बघा, जुने होऊन पाझरलेत. दुपारी गाडी तापली की याचं डोकं फिरतं. आमच्या वॉर्डातलं बीपीचं मशीनही असंच करायचं.”

“माझा संशय तिकडेच वळत होता,” काका म्हणाले.

काकू कोपऱ्यावरच्या दुकानातून तसेच सेल घेऊन आल्या, तोवर नर्स स्वयंपाकघरातल्या टेबलावर डोकं टेकून गाढ झोपली होती. पलीकडच्या टोकाला काकूंनी आतला हिरवा थर खरवडला आणि नवे सेल सोल्डरचा डाग देऊन बसवले. काकांनी भिंग धरलं.

“वाजवून बघायला हवा,” काकू कुजबुजल्या.

काकांनी झटकन त्यांचा हात धरला. “ती उठल्यावर.”

इतक्या हळू आवाजात बोलताना काकूंनी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मग चपला हातात घेऊन, भिंतीच्या कडेकडेने, काका दाराची बेल बंद करायला निघाले.