लिंबायतची लष्करी सायकल

युद्धशास्त्रात सायकलीचं स्थान घोड्याच्या खाली आणि बुटाच्या वर आहे. तिला चारा लागत नाही, तोफेला ती बिचकत नाही आणि जखमी झाली तर पंक्चरवाल्याकडे भागतं. जपानी सैन्य मलायातून सिंगापूरकडे सायकलींवर निघालं. टायर फुटले तेव्हा नुसत्या रिंगांवर दामटत गेलं. स्वित्झर्लंडने तर आपलं सायकलदल थेट २००३ पर्यंत सांभाळलं. (लढाई मिळाली नाही, त्यामुळे सायकली चांगल्या टिकल्या.)

ही सगळी माहिती आमच्या लिंबायतच्या प्रगती मित्रमंडळाचे अध्यक्ष, बँकेतून निवृत्त झालेले अरविंदराव, यांनी एका दुपारी मोबाइलवर वाचली. त्याच संध्याकाळी त्यांना हिलालची सायकल दिसली. हिलाल लूमच्या खात्यावर कामाला जातो (खातं म्हणजे कारखाना, बँकेशी संबंध नाही). सायकलीच्या दांडीखाली पत्र्याची पाटी, आणि पाटीवर एकच शब्द शिल्लक: ‘लष्करी’.

झालं! लगेच पाच जणांची संशोधन समिती बसली. चहा निवायच्या आत सायकल ऐतिहासिक ठरली आणि ती चौकात चौथऱ्यावर बसवायचा ठराव चार विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. (पाचव्या सदस्या शैलजाताई चहा गाळत होत्या.)

हिलाल धावत आला. “भाऊ, ती लष्करी अळीनी सायकल शे! मना बाप गावमा फवारणीनं औषध वाटे. पुढे ‘अळी’ लिखेल व्हतं, ते गंजी गयं!”

“हिलालभाऊ,” अरविंदराव दुखावल्या आवाजात म्हणाले, “आपल्या जवानांना अळी म्हणता? शोभतं का हे?”

हिलाल गारच पडला. इतिवृत्तात नोंद झाली : ‘मालकाने भारावून मौन पाळले.’ मला, खरं सांगतो, त्याची फार कीव आली. पण इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे होतं.

“मंग कामले मी कसा जासू?” त्याने शेवटी विचारलं. समितीने इतिहासाचा दाखला दिला : सायकलदलाच्या कितीतरी आधीपासून पायदळ आहे.

आठ दिवसांत चौथऱ्यावरच्या सायकलीसोबत सहाशे चाळीस सेल्फी निघाले. नवव्या दिवशी हिलाल चालत चालत खात्यावर सात मिनिटं उशिरा पोचला, तर त्याच्या मशीनवर दुसरा कारीगर उभा. शेठनी त्याचा हिशेब चुकता केला.

परवा तुम्हीही येऊन गेलात म्हणे. फोटो छान आलाय तुमचा. सीटवरची धूळ शर्टाने पुसत एक माणूस उभा होता, त्याला “काका, जरा बाजूला व्हा ना, मध्ये येताय” म्हणालात ते तुम्हीच. तो लगेच बाजूला झाला.